तायाक्काचा फेटा

द्राक्षबागांच्या एका गावात तायाक्का नावाची एक ट्रॅक्टरवाली होती. ट्रॅक्टर म्हणजे रस्ता अडवणारं ते मोठं धूड नव्हे हं! वेलींच्या दोन ओळींमधून अलगद जाणारा, बुटका, बागेतला ट्रॅक्टर. बारा वर्षं तिनं तो चालवला, पण एका वेलीला खरचटलं असेल तर शपथ. अख्ख्या गावाला तिचा अभिमान. आणि खरं सांगायचं तर तिलाही स्वतःचा होताच. का असू नये?

त्या साली जिल्ह्याच्या कृषी प्रदर्शनात ट्रॅक्टर चालवण्याची स्पर्धा ठरली. गावानं एकमुखानं तायाक्काचं नाव दिलं. ट्रॅक्टर न्यायला पिकअप गाडी आली. तायाक्कानं ती सपाट जागी उभी करवली, चाकांना दगड लावले आणि चढणीच्या दोन्ही लोखंडी फळ्या साखळीनं गाडीला जखडल्या. ट्रॅक्टर उलटा चढवायचा, म्हणजे तोंड उचलून मागं कलंडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात सरपंच भूपालअण्णा लवाजम्यासह आले. तायाक्का गावाचं नाव काढायला निघाली, मग वाजतगाजत नको? हलगी कडाडली. अण्णांनी तिच्या डोक्यावर केशरी फेटा बांधला. असा मान त्या गावात आजवर कुठल्याच बाईला मिळाला नव्हता. मग अण्णांनी फळ्यांना हळदीकुंकू वाहिलं आणि तिथंच नारळ फोडला. पाणी दोन्ही फळ्यांवर सांडलं.

तायाक्का ताठ मानेनं ट्रॅक्टरवर बसली. इंजिन सुरू केलं, मागं वळून पाहिलं, तर फळ्या ओल्या चकाकत होत्या. चाक घसरलं तर ट्रॅक्टरच कलंडणार. एकदा वाटलं, आता कुठं उतरायचं? सगळं गाव बघतंय. पण तिनं इंजिन बंद केलं आणि खाली उतरली.

"आक्का, मुहूर्त टळतोय की!" अण्णा ओरडले.

"मुहूर्त दुसरा मिळंल, अण्णा. फळी ओली हाय."

गर्दीतून कुणीतरी खिदळलं, "भ्याली गं बाई!"

तायाक्कानं फडकं मागितलं. पण सगळे ठेवणीतले कपडे घालून आलेले, कुणी पुढं येईना. तेव्हा तिनं डोक्यावरचा फेटा सोडला आणि खाली बसून पहिली फळी खसाखसा पुसून काढली. हलगी थांबली.

"अगं, मानाचा फेटा त्यो!" म्हणत अण्णा तिला अडवायला पलीकडून तरातरा दुसऱ्या फळीवर चढले. ती अजून ओलीच होती. पाय सरकला आणि अण्णा पांढऱ्याशुभ्र धोतरासकट थेट मातीत बसले.

लोक खो-खो हसले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं: अण्णांच्या जागी ट्रॅक्टर असता तर? सगळ्यांच्याच अंगावर काटा आला.

तायाक्कानं दुसरी फळीही कोरडी केली, मागची माणसं बाजूला काढली आणि ट्रॅक्टर सावकाश, मध्ये कुठंही न थांबता, एका दमात वर नेला. हँडब्रेक ओढला, चारी बाजूंनी दोर आवळले. तेव्हा हलगी अशी वाजली म्हणता, शेजारच्या गावाला ऐकू गेली असेल!

अण्णा धोतर झटकत म्हणाले, "आक्का, नवा फेटा मागवतो."

"नको अण्णा. ह्योच बांधा. आज ह्यानं काम केलंय."

अण्णांनी तो ओला, हळदीनं माखलेला फेटा स्वतःच्या हातांनी तिच्या डोक्यावर पुन्हा बांधला. या खेपेला मात्र आधी तिला हात जोडले.

स्पर्धेचं काय झालं म्हणता? ते राहू द्या. तो डागाळलेला फेटा आजही तायाक्काच्या घरी खुंटीला आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तो मोठ्या तोऱ्यात दाखवते.

तात्पर्य: कामासाठी चारचौघांपुढं खाली उतरायला जो लाजत नाही, त्याचाच मान शेवटपर्यंत टिकतो.