चाळिसांची पंगत, शंभर पत्रावळी

एकदा एका गडावर नव्या शिपायांना तयार करणारे एक वृद्ध वस्ताद होते. त्यांच्या शिष्याने शिक्षणाची एक नवी रीत शोधून काढली. पाठीवर वाळूचं पोतं घ्यायचं आणि पायथ्यापासून दरवाजापर्यंतच्या पायऱ्या रोज सात वेळा धावत चढायच्या. कोण किती वेळात चढला, हे शिष्य घटिकापात्र लावून मोजी आणि वहीत टिपून ठेवी. चार महिन्यांत त्याची चाळीस पोरं अशी तयार झाली, की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं. सरदारांनी स्वतः येऊन परीक्षा घेतली. चाळीसच्या चाळीस उत्तीर्ण. हीच रीत बाराही गडांवर लागू करायची, जेवण झालं की हुकुमावर शिक्का उठवायचा, असं त्यांनी सांगून टाकलं.

पंगतीची व्यवस्था वस्तादांकडे होती. शिष्य पाहतो तो काय, चाळीस पोरांसाठी म्हाताऱ्याने शंभर पत्रावळी मांडल्या होत्या आणि शंभरांवरही वाढलं होतं. साठ जागी भात नुसता निवत होता. पंगत भरल्याखेरीज कुणी घास उचलायचा नाही, हा गडाचा रिवाज. सरदारही हात आवरून बसले. शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपलं कौतुक म्हाताऱ्याला बघवत नाही, दुसरं काय, असं त्याच्या मनाने घेतलं. मोजता येत नव्हतं तर मला विचारायचं होतं, असं त्याने चारचौघांत वस्तादांना सुनावलं.

"मोजूनच मांडल्या आहेत," वस्ताद म्हणाले. "चैत्रात या गडावर शंभर पोरं आली होती. सरकार, ह्या साठ कुणाच्या, ते याला विचारा."

सरदारांनी विचारलं. शिष्याने वही उघडली. तीत चाळीसच नावं होती. जो गळला त्याचं नाव तो त्याच दिवशी वगळत असे, नोंद स्वच्छ राहावी म्हणून.

वस्ताद रिकाम्या जागांकडे बोट दाखवत संतापाने बोलू लागले. "ही सुभानची जागा. त्याचा गुडघा गेला, आता नांगरामागेही चालवत नाही. ही रखमाजीची, तो अंथरुणाला खिळलाय. आणि पलीकडची धोंडजीची. तो पायऱ्यांवरच गेला. त्याच्या आईला निरोप मी सांगून आलो, तू नाही. शंभर मडक्यांतली साठ फोडून उरलेल्यांची ऐट मिरवणाऱ्या कुंभाराला कुणी दारात उभं करील का? ही चाळीस पोरं तुझ्या रीतीने घडली, की तुझ्या रीतीतून वाचली, हे तरी तुला ठाऊक आहे?"

सरदारांनी हुकुमाचा कागद गुंडाळून ठेवला. शिष्याने दौत मागवली आणि खालच्या मानेने म्हणाला, "वस्ताद, उरलेली नावं सांगा."

वस्ताद सांगत गेले, तो लिहीत गेला. अन्न पार गार झालं, पण पंगतीतून कुणी उठलं नाही.

आपल्याकडेही शंभर टक्के निकालाचे फलक चौकाचौकांत झळकतात. त्या वर्गात वर्षाच्या सुरुवातीला किती मुलं बसली होती, हे विचारण्याची लाज आपल्याला का वाटावी?