चिन्याची चूल

बसा इथेच कातळावर. चढून आलात, ओढा ओलांडलात, दम लागला असेल. मलाही लागतो, पण म्हातारीकडे कोण बघतंय! हे तीन काळे दगड दिसतात ना, ती चिन्याची चूल. पाहुणे येतात, फोटो काढतात आणि विचारतात, आजी, देव कुठे आहे? देव नाही बाबांनो. नुसती चूल आहे.

फार जुनी गोष्ट. सायबाने समुद्रापलीकडून काही चिनी कैदी या डोंगरांत आणले होते, असे सांगतात. शिक्षा संपली तरी त्यातला एक परत गेला नाही. त्याला वाट तरी कोण दाखवणार? तो इथे खोप बांधून राहिला, मुळा आणि आलं पिकवू लागला. गावाने त्याला ओढा मात्र ओलांडू दिला नाही. तो टोपली ओढ्यातल्या दगडावर ठेवायचा, गाव भाजी उचलून नाचणी टाकायचं. नाव विचारायचं राहूनच गेलं. सगळे त्याला चिन्या म्हणत.

त्या साली पौषात धुकं उठेचना. ठकूबाई म्हणून एक सून होती, तिच्या लेकीला, कोंडाईला, खोकल्याने धरलं. छातीत कफ नुसता घरघरत होता. नवरा बैल घेऊन मिठासाठी खाली कोकणात उतरलेला. खोकला घरभर पसरेल या भीतीने सासूने मायलेकींना ओढ्याकाठच्या रानातल्या खोपीत नेऊन बसवलं आणि बजावलं, “पोरीला तांदळाचं शीत देऊ नगंस. भातानं कफ वाढतो.” आमच्याकडे समजच तसा होता. खोकला आला की लंघन. पोर उपाशी, तिच्या उशाशी जागणारी आई उपाशी. कोंडाई खोकल्याने कमी आणि उपासाने जास्त वाळत चालली होती, पण हे बोलणार कोण?

चिन्या पलीकडून तो खोकला ऐकत होता. एके दिवशी त्याने दगडावर टोपली ठेवली. मुळा, आल्याचा तुकडा, मूठभर तांदूळ आणि दोऱ्यात ओवलेल्या, काळ्या पडलेल्या नारिंगाच्या साली. त्या त्याने आपल्या चुलीवरच्या धुरात वर्षानुवर्षं जपल्या होत्या, म्हणे. साल जितकी जुनी तितकी कफाला चांगली, अशी त्याच्या मुलखाची रीत. मग पलीकडूनच हातवारे करून त्याने ठकूला शिकवलं. तांदूळ थोडा, पाणी पुष्कळ, जाळ मंद, आणि पळी थांबवायची नाही. मोडकीतोडकी मराठी होती त्याची. “हळू हळू. ढवळ,” एवढंच म्हणत राहिला.

ठकूला पटलं का? छे! पण पोर हातची चालली होती. तिने खोपीच्या दाराशीच, पलीकडून दिसेल अशी पेज चढवली आणि ढवळता ढवळता तिचा डोळा लागला. कित्येक रात्री पाठ टेकली नव्हती तिने. भर दिवसा, धुक्यात, पळी हातात धरून बसल्या जागी झोपली.

पळी थांबलेली चिन्याने पाहिली. हाका मारल्या, ती उठली नाही. मग तो ओढा ओलांडून आला, तिच्या हातातली पळी हळूच सोडवून घेतली आणि ढवळत बसला. ठकूला जाग आली तेव्हा पेज दुधासारखी आळली होती आणि सासू चार बायका घेऊन दारात उभी होती.

“चूल बाटवली! वत ती पेज वढ्यात!” सासू कडाडली.

ठकू म्हणाली, “आत्याबाई, इतक्या दिसांत मला कुनी घटकाभर नीज म्हनलं न्हाई. ह्यानं निजू दिलं.” आणि सगळ्यांदेखत तिने पहिला घोट आपण घेतला, मग लेकीला पाजला.

कोंडाईचा कफ सुटला, पोर उठून बसली. पुढे तोच खोकला गावभर झाला तेव्हा, अडला हरी गाढवाचे पाय धरी, सगळं गाव गाडगी घेऊन ओढ्यावर आलं. सासूही आली. चिन्याने साली तोडून तोडून दिल्या. शेवटी त्याच्या चुलीवर नुसता दोरा लोंबत राहिला. गाव बरं झालं आणि आपापल्या कामाला लागलं. गरज सरो, वैद्य मरो, असं आपल्यात म्हणतातच.

मग चिन्याला खोकला लागला. गावात कोणाला ऐकू आला नाही. ओढ्याच्या पाण्याचा आवाज होता, असं नंतर सगळे म्हणत. एके दिवशी पेज करपल्याचा वास आला. “असंल कुनी आळशी,” बायका हसल्या. ज्या त्या घराला वाटलं, दुसऱ्या घरची आहे. ठकूलाही तसंच वाटलं. दिवस कलला तरी वास जाईना, तेव्हा तिला पलीकडची चूल आठवली आणि ती ओढा ओलांडून धावली.

तो याच चुलीपाशी पळी धरून बसला होता. अंग गार पडलं होतं. मडक्यात पेज काळी होऊन तळाला चिकटली होती. त्यात साल नव्हती, आणि ढवळायला दुसरं माणूस नव्हतं. ठकूने तिथेच गावाला शपथ घातली, असे सांगतात.

आजही आमच्या गावात दुखणाईताच्या घरची बाई पेज ढवळत नाही. शेजारीण येते, पळी घेते आणि तिला आधी निजवते. आणि आजही पेज करपल्याचा वास आला की बाया हातातलं टाकून धावतात. घर कोणाचं, हे वाटेत कोणी विचारत नाही. पुष्कळदा कोणी नुसतं गप्पांत रमलेलं असतं, आणि उगाच तंगडतोड होते. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू? तरी धावतो. मीसुद्धा, या गुडघ्यांनी.