पाहुण्यांची गोधडी

“...मग पणती कुठं ठेवू, माई? गोधडीच्या उजवीकडं की डावीकडं?”

रेऊमाई फळीकडं बघत उभी होती.

फळी होतीच बघण्यासारखी. माजघराच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली सागवानी फळी, आणि हर्षालीनं दोन दिवस खपून ती नटवलेली. कडेला क्रोशाची पांढरी झालर. चिंचेनं घासून लखलखीत केलेले पितळी गडवे. दोन्ही टोकांना नव्या बाजरीच्या कणसांच्या जुड्या. वर पिवळ्या शेवंतीचा लांबच लांब हार, आणि त्यातून फिरवलेली बारीक दिव्यांची विजेची माळ. माळ तिनं खास नाशिकहून आणली होती.

आणि मधोमध, एकटीच, घडी घातलेली गोधडी. तिचा एक कोपरा तसाच बाहेर राहिलेला. त्या कोपऱ्यात एक सुई टोचलेली होती आणि सुईतून लाल दोरा खाली लोंबत होता. हर्षालीला सगळ्या सजावटीत तो दोरा सर्वांत जास्त आवडला होता.

गोदाकाठच्या त्या गावात ही रीतच होती. दिवाळी सरली की घरोघर गोधड्या नदीवर धुवायच्या, कडक उन्हात वाळवायच्या, घड्यांमध्ये निंबाचा पाला घालून फळीवर रचायच्या. मग फळी सजवायची. पौषात गावची जत्रा. पाहुणा घरात शिरला की आधी फळीकडं बघणार. जेवढी उंच चळत, तेवढं ते घर मोठं.

मथुराबाईची चळत गावात सर्वांत उंच असायची.

मथुराबाई म्हणजे हर्षालीची आई. गेल्या जत्रेनंतर पंधरा दिवसांत ती गेली. आईविना हा पहिलाच हिवाळा. या वर्षी हर्षालीनं बाकीच्या गोधड्या पेटीत भरून टाकल्या आणि फळीवर ही एकच ठेवली.

नदीकाठच्या मठीतून माईला ती स्वतः हाताला धरून घेऊन आली होती. गावातल्या बाकी म्हाताऱ्या मंडळींचं तिला काही म्हणजे काही पटत नसे. पारावर बसून पोरींना शहाणपण शिकवायचं, आणि घरी गेल्यावर चहा प्यालेला कप उचलून ठेवायचा नाही! पण माईची गोष्ट वेगळी. एक लुगडं अंगावर, एक दोरीवर. तिसरं कुणी दिलंच, तर घाटावर भेटेल त्या पहिल्या बाईला देऊन माई मोकळी. माईचा शब्द हर्षालीनं मानला असता.

आणि मुख्य म्हणजे, तात्यांनी मानला असता.

तात्या, म्हणजे तिचे वडील, बाहेर ओट्यावर बसले होते. पुढ्यात घमेल्यातले निखारे, अंगावर विरलेली चादर. मधून मधून त्यांचा खोकला आत ऐकू येत होता.

“पणतीचं सांगा ना, माई.”

“लावून काय करायचंय?”

“आईची आठवण म्हणून. तुमच्या हातानं लावायची. आणि मग तुम्ही तात्यांना सांगायचं, की या फळीला कुणी हात लावायचा नाही. मी सोमवारी पुण्याला चालले, नोकरीवर. माझ्यामागं जत्रेच्या पाहुण्यांपुढं त्यांनी ही गोधडी पसरली तर...”

“तर?”

“तर मी या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही.”

हे ती मोठ्यानं बोलली. बाहेर ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.

“मग तूच सांग की त्याला. बाप आहे तुझा.”

“मी त्यांच्याशी बोलत नाही.”

“कधीपास्नं?”

“आई गेल्यापासून.”

“म्हणजे ताट आपटून वाढत असशील.”

हर्षालीला राग आला. कारण ते खरं होतं.

माई भिंतीला टेकून खाली बसली. पाय पोटाशी घेतले. म्हणाली, “थंडी फार आहे गं. काहीतरी पांघरायला दे.”

हर्षालीनं धावत जाऊन नवं ब्लँकेट आणलं. जाड, मऊ, अजून दुकानाचा वास असलेलं. माईनं ते गालाला लावून पाहिलं.

“छान आहे. हे बापाला का दिलं नाहीस?”

“त्यांनी मागितलं नाही.”

“मागेल कसा? तू बोलत नाहीस.”

या वयाची माणसं शेवटी एकमेकांचीच बाजू घेणार, असं हर्षालीच्या मनात आलं.

माईनं ब्लँकेट बाजूला ठेवलं. “मला ती फळीवरची दे.”

“ती नाही, माई.”

“का?”

“ती आईची आहे.”

“ती पांघरायची?”

“नाही.” हर्षालीचा आवाज चढला. “एकदासुद्धा नाही! तीन पावसाळे बसून तिनं ती शिवली. लग्नातलं लुगडं घातलं तिच्यात, माझी पहिली दुपटी घातली. शिवली, आणि फळीवर ठेवली. पाहुण्यांची म्हणून. तात्यांचा हुकूम, चांगली गोधडी पाहुण्यांची. तात्यांचे मावसभाऊ झोपले तिच्यात, त्यांचे व्यापारी झोपले, कोण कुठले बैल बघायला आलेले लोक झोपले. आणि आई आयुष्यभर चादरीत. आज तात्या अंगावर घेऊन बसलेत ना, त्याच चादरीत. आता घेऊन बसलेत, नाटकं!”

तिनं श्वास घेतला.

“गेल्या जत्रेत तिला ताप होता, माई. निफाडकडची थंडी, पाण्यावर साय धरावी तसं दव गोठलेलं. अंगात ताप, अंगावर ती चादर. छाती भरली तिची. आणि या माणसानं तिला एक गोधडी काढून दिली नाही.”

हे सगळं ती याआधी पुष्कळांना सांगून चुकली होती. मावशीला, वसतिगृहातल्या मैत्रिणींना, दहाव्याला जमलेल्या भावकीला तर तात्यांच्या तोंडावर. दर वेळी हेच शब्द, याच क्रमानं. ऐकणारं माणूस जीभ चुकचुकायचं, तिच्या पाठीवरून हात फिरवायचं. पुढं कुणी काही विचारायचं नाही.

माईनं पाठीवरून हात फिरवला नाही.

“त्या थंडीत ही गोधडी फळीवर होती?”

हर्षाली गडवे नीट लावू लागली.

“काय विचारते मी? फळीवर होती?”

“...नाही.”

“पाहुण्याच्या अंगावर होती?”

“हो.”

“कोण पाहुणा?”

बाहेरचा खोकला थांबला.

हर्षालीनं हारातली एक शेवंती सरळ केली. ती सरळच होती. मग शेजारची सरळ केली.

गेल्या जत्रेला ती सहा महिन्यांनी वसतिगृहातून आली होती. एसटीत उभ्यानं प्रवास झालेला, पाय भरून आलेले. आईनं फळीवरची गोधडी काढली आणि तिच्या अंगावर घातली. आईचा हात कपाळाला लागला तेव्हा तो चटका बसावा इतका गरम होता. ‘अगं, तुला ताप आहे, तूच घे,’ असं म्हणायला हर्षालीनं तोंड उघडलं होतं... की नव्हतं? ते तिला वर्षभर आठवत नव्हतं. म्हणजे, आठवत होतं. गोधडीत निंबाचा वास होता आणि ऊब होती. आई हसून म्हणाली होती, ‘तू आता पाहुणीच की गं.’

आणि ती झोपली होती.

“मी,” हर्षाली म्हणाली.

माई तिच्याकडं बघत राहिली. कपाळावर आठी नाही, डोळ्यांत दया नाही. नुसतं बघणं.

“बापाला ठाऊक आहे?”

“तेच तर त्या रात्री दिवा मालवायला आले होते.”

एवढं बोलून ती थबकली. दहाव्याचा दिवस तिच्या डोळ्यांपुढं आला. सगळी भावकी बसलेली, ती उभी राहून बोलत होती, आणि तात्या गुडघ्यांत मान घालून ऐकत होते. एक वाक्य. एकच वाक्य ते बोलले असते तर तिचं तोंड कायमचं बंद झालं असतं.

ते बोलले नव्हते. त्या दिवशी नाही, नंतर वर्षभर नाही.

“चूक त्यांचीही होतीच, माई,” ती हळू आवाजात म्हणाली. “हुकूम त्यांचाच होता.”

“होती की,” माई म्हणाली.

आणि उठली.

दोन्ही हात वर केले, आणि फळीवरची गोधडी सरळ खाली ओढली. शेवंतीचा हार तुटला. दिव्यांची माळ लोंबकळली. एक गडवा फळीवरून निसटला आणि खणखणत उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेला.

“माई! सुई... सुई आहे तिला!”

“दिसली.”

“काढू नका! जत्रेनंतर कड उसवली होती, ती आई शिवत होती. तापातच. तो तिच्या हातचा शेवटचा टाका आहे. मी तसाच ठेवलाय... मोडू नका तो, माई.”

माईनं सुई ओढली. ती सहज निघेना. दुसऱ्यांदा ओढली, तेव्हा आतून सुटली. दोरा तटकन तुटला.

माईनं सुई तळहातावर घेतली आणि हात हर्षालीपुढं धरला.

सुई गंजली होती. काळपट, खरबरीत. आणि जिथं ती वर्षभर टोचलेली होती तिथं, आईच्या लग्नातल्या लुगड्यावर, एक तांबडा डाग पडला होता. हर्षालीनं डागावरून बोट फिरवलं. डाग हलला नाही. घरी असली की रोज ती फळी पुसायची, झालर नीट करायची. गोधडीला मात्र हात लावायचा नाही, हा नियम तिनं स्वतःलाही लावला होता.

“निवृत्ती!” माईनं बाहेर हाक मारली. “घमेल्यातली चिमूटभर राख घेऊन आत ये.”

तात्या दारात आले. मुठीत राख. पायाशी पडलेला गडवा त्यांनी पाहिला, रिकामी फळी पाहिली. पण उंबरा ओलांडला नाही. या माजघरात, या फळीजवळ यायचं नाही, हे त्यांना न सांगताच सांगितलं गेलं होतं. साठीचा तो माणूस शाळेबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा स्वतःच्याच घराच्या दारात उभा राहिला. चादर एका खांद्यावरून घसरलेली होती.

माईनं हर्षालीकडं पाहिलं.

“...या,” हर्षाली म्हणाली.

तात्यांनी वर पाहिलं.

“आत या, तात्या. दारात वारं लागतंय.”

ते आत आले. माईनं त्यांच्या मुठीतली राख घेतली, दोन बोटांत सुई धरली आणि घासू लागली. बराच वेळ घासत होती. गंज थोडा गेला, थोडा राहिला. टोकाशी मात्र सुई पुन्हा पांढरी झाली.

मग माईनं गोधडी जमिनीवर पसरली. माजघर भरून गेलं. वर्षानं घडी मोडली होती. निंबाचा वाळलेला पाला भुगा होऊन सगळीकडं सांडला, आणि आईचा वास म्हणावा तर तो नव्हता, निंबाचाच होता, तरी हर्षालीनं वाकून तो हुंगला.

“निवृत्ती, तू त्या टोकावर बस. कापड ताणलेलं पाहिजे, नाहीतर टाका वाकडा जातो. पोरी, तू ह्या टोकावर.”

बापलेक दोन टोकांना बसले. मध्ये मथुराबाईचं लुगडं, तात्यांच्या जुन्या सदऱ्याची पट्टी, हर्षालीची दुपटी, आणि लाल दोऱ्याच्या ओळींमागून ओळी. नांगरलेल्या शेतासारख्या. फक्त एका कडेला हातभर जागा मोकळी होती.

हर्षालीनं आईचा शिवणाचा डबा आणला. लाल दोऱ्याचं रीळ तसंच होतं, अर्धं संपलेलं. माईनं सुई डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, उजेडाकडं वळले, एकदा, दोनदा, तीनदा... दोरा नेढ्यात जाईना. चादर पार खाली घसरली होती आणि तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

हर्षाली उठली. बाजूला पडलेलं नवं ब्लँकेट तिनं उचललं, तात्यांच्या पाठीवर घातलं आणि परत येऊन आपल्या टोकावर बसली. त्यांच्याकडं न बघता.

माईनं तात्यांच्या हातातून सुई आणि दोरा घेतला आणि हर्षालीपुढं धरला.

“माई, मला असले बारीक टाके येत नाहीत. आईसारखे नाहीच येणार. आणि हा डाग... हा तर कधीच जायचा नाही.”

माईचा हात तसाच पुढं होता.

“दोरा तू ओव,” माई म्हणाली. “आम्हा दोघांना दिसत नाही.”