तोरणओढ्यावरचे वाटे

तोरणओढा डोंगरातून उतरतो, वाकसेवाडीला वळसा घालतो आणि खाली नदीला मिळतो. त्याच्यावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत लहान लहान बंधारे आहेत. एकही माणसाच्या छातीच्या वर जात नाही. गावात त्यांना बंधारा म्हणत नाहीत, वाटा म्हणतात. वरचा वाटा, चिंचेखालचा वाटा, कुंभारांचा वाटा. आपल्याही ओढ्यावर असं काही करावं म्हणून दुष्काळी गावांची माणसं मोजपट्ट्या घेऊन हे वाटे बघायला येतात, आणि खिंडीपाशी पोचली की हमखास थांबतात. इथे दोन टेकड्या अगदी जवळ आल्या आहेत. इथेच एक दणदणीत भिंत घातली असती तर एवढा खटाटोप कशाला करावा लागला असता, असं ती विचारतात. विचारणाऱ्याला वाटतं, गावाला हे सुचलंच नसावं. सुचलं होतं. दोन्ही टेकड्यांच्या अंगाला तुटक्या भिंतीची टोकं अजून उभी आहेत. त्यांच्यावर कोणी बसत नाही, तिथे गुरं बांधत नाही. त्यांच्याविषयी विचारलं, तर जाणती माणसं आधी सावलीला बसून घ्या म्हणतात.

साल कोणतं ते कोणालाच सांगता येत नाही. रायाजी पाटलाच्या वेळची गोष्ट, एवढंच सांगतात. तेव्हा या शिवारात पाऊस पडायचा तो जणू नदीकडे जायच्या वाटेवर. पडला की निघाला. दिवाळी सरली की बायका घागरी घेऊन नदीपर्यंत पायपीट करायच्या आणि येताना अर्धं पाणी पिऊन संपवायच्या. पाटलाने खिंडीत भिंत घालायचं मनावर घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं मोठं लागायचं. पागोटं मोठं, बैल मोठे, आणि भिंतही अशी, की नदीकाठच्या गावांनी मान वर करून बघावी. त्यासाठी त्याने खाली कर्नाटकाकडून वडारांची टोळी बोलावली. दगड फोडणं, घडवणं आणि रचणं हाच त्यांचा पिढीजात धंदा. त्या टोळीत हणमा होता आणि त्याची बायको तिमव्वा होती.

भिंत झाली. पहिल्याच पावसात मधोमध फुटली. दुसऱ्या वर्षी आणखी रुंद घातली. तीही पाझरायला लागली तेव्हा हणमा दगड घेऊन भगदाड बुजवायला उतरला, आणि भिंतीबरोबर गेला. टोळीने त्याला नदीपर्यंत शोधलं, पण तो सापडला नाही. मग गाढवं लादून ती माणसं परत निघाली. तिमव्वा गेली नाही. नवऱ्याची माती केल्याशिवाय कशी जाऊ, म्हणाली. खिंडीच्या खाली तिने आपलं पाल तसंच ठेवलं. गावातल्या बायकांच्या गुळगुळीत झालेल्या जात्यांना ती छिन्नीने टाकी लावून द्यायची, आणि त्या तिच्या पदरात ओंजळभर जोंधळे टाकायच्या. गावात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. वडारीण, एवढीच तिची ओळख होती.

पाटलाने तिसऱ्यांदा भिंत घालायची ठरवली, पण आधी दूरच्या एका देवऋष्याला आणलं. त्याने ओढ्यातली वाळू मुठीत घेतली, हुंगली आणि भर चावडीत सांगितलं, म्हणे, की या ओढ्याला बोकड-कोंबडं पुरत नाही. भिंतीच्या पायात माणूस पुरल्याशिवाय ती उभी राहायची नाही.

कोणता माणूस, ते त्याने सांगितलं नाही. तिथूनच भीती सुरू झाली. आयांनी पोरं घरात कोंडली. विहिरीच्या तळाशी उतरून पाणी भरायला कोणी एकटं जाईना. भावाने भावाला शेतावर चल म्हटलं, तरी तो आधी बायकोला सांगून जायचा. रांगेने जेवायला बसलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत घास गिळायची. पाटलाची म्हातारी आई गवराई दिवस दिवस देवापुढे बसून राहायची. एवढा प्रकार चालला होता, पण तिमव्वा मात्र त्यात नव्हती. तिला वाटलं, हे गावाचं दुखणं आहे, आपण काय, उपऱ्या.

मग एके दिवशी गाव एकदम मोकळं झालं. पोरं पुन्हा अंगणात आली. पुरुष पारावर हसू लागले. तिमव्वाला बरं वाटलं, आणि त्याच दिवशी कुलकर्ण्यांच्या बाईने तिच्या भाकरीवर तूप घातलं.

आधी तिने मनावर घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी कोणी गूळ दिला. कोणी नवं घोंगडं आणून पालात ठेवलं. ज्या बायका जातं दाखवतानाही अंग चोरून उभ्या राहायच्या, त्या आता तिला तिमाक्का म्हणू लागल्या. तिच्याशी बोलताना त्या तिच्या तोंडाकडे मात्र बघत नव्हत्या. पालापाशी दगडांशी खेळायला येणारी पोरं यायची बंद झाली. एका पोराला तिने हाक मारली, तर त्याच्या आईने धावत येऊन त्याला उचलून नेलं. तिमव्वाने हातातली छिन्नी खाली ठेवली. देवाला सोडलेल्या बोकडाला गावात कोणी काठी मारत नाही, दारात आला तर मूठभर दाणेच घालतात, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती निघाली. घोंगडं, गूळ, सगळं तिथेच टाकून फक्त हातोडा घेतला. शिवेवर दोन माणसं विडी ओढत बसली होती. दोघं उठले आणि अदबीने वाटेत उभे राहिले.

"कुठं निघाला, अक्का? ऊन व्हईल. चला माघारी."

कोणी तिला हात लावला नाही. ती दुसऱ्या वाटेने गेली, तिथेही दोघं बसले होते. डोंगराकडच्या वाटेवर तर तिला पाणी विचारलं. ती परत पालात आली आणि दाराशी पाठ लावून बसली.  एवढं प्रेम तिला जन्मात कोणी दाखवलं नव्हतं, आणि त्याचीच तिला धडकी भरली होती.

अमावास्येच्या आदल्या दिवशी गवराई आली. तिच्या हातात हिरवं लुगडं होतं आणि हिरव्या बांगड्या होत्या. विधवेला हिरव्या बांगड्या कोण भरतं? तिमव्वाने त्या बघितल्या आणि तिला उरलंसुरलं सगळं कळलं. भिंतीला सवाष्ण लागते. आधी भिंतीशी लग्न लावायचं, आणि मग सासरी पाठवायचं. पाठवणी भिंतीच्या पायाच्या खड्ड्यात.

"उद्या का?" तिने विचारलं.

म्हातारीने तिचा हात ओढून घेतला. बांगड्या भरताना दोन फुटल्या आणि काच म्हातारीच्याच बोटाला लागली.

"आई, मला भ्या वाटतंय," तिमव्वा म्हणाली.

"मलाबी," गवराई म्हणाली, आणि लुगडं तिथेच ठेवून उठून गेली.

अमावास्येला दुपारी सारं गाव खिंडीत जमलं. पायाचा खड्डा खणून तयार होता, त्याच्या तळाशी काळ्या मातीचा चिखल तुडवून ठेवला होता. वर ओढ्याच्या देवाला बोकड कापला होता आणि गावच्या रीतीप्रमाणे पळसाच्या पानांवर घराघराचे वाटे घालणं चाललं होतं. तिमव्वाला दोन बायकांनी दंडाला धरून आणलं.  खड्ड्याकडे बघायचं नाही म्हणून ती त्या पानांकडे बघत राहिली. वाटे करणारा माणूस एका पानातला तुकडा उचलून दुसऱ्यात टाकत होता, पुन्हा काढत होता, कोणाला कमी जाऊ नये म्हणून जपत होता. बघता बघता तिच्या तोंडून शब्द फुटले. ते तिने धीराने म्हटले असं काही जण रंगवून सांगतात, पण तसं नाही. ती रडत होती, आणि निम्मं बोलणं लोकांना दोनदा विचारावं लागलं.

"पाटील, सगळं बोकड एकाच घरी का देत न्हाई?"

पाटील चक्रावला. "एका घराचं हाय व्हय ते? गावाचं हाय. समद्यांना वाटा."

"पाणी कुणाचं?"

"गावाचंच की."

"मग माणूसबी वाट्यानं द्या. मी एकली कशी पुरंन? ओढा मला विचारंल, तू कुणाची गं? काय सांगू मी? वाकसेवाडीची म्हणू? हितं मला घर न्हाई, नाव न्हाई. फशिवलं म्हणून त्यो भिंत पुन्हा फोडंल. मग पुढच्या साली कुणाला आणाल हितं?"

 जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला. महिनाभर छातीवर बसलेली भीती त्यांनी या बाईच्या डोक्यावर उतरवून ठेवली होती, ती क्षणात प्रत्येकाकडे परत आली. आयांनी पोरांना पोटाशी ओढलं. देवऋषी गडबडीने म्हणाला, "माणसाचं वाटं कसं घालतील? माणूस अख्खाच लागतो."

तेवढ्यात गवराई पुढे आली. कोणाला काही कळायच्या आत ती बसत-घसरत खड्ड्यात उतरली आणि तिने आपला उजवा पाय घोट्यापर्यंत चिखलात रोवला.

"ह्यो माझा वाटा," म्हातारी म्हणाली. "माझं पाऊल पुरा. पर माती लोटायच्या आधी वर बघून सांगा, बाकीची घरं कुठं हायत?"

पाटील वरून ओरडला, "आई, वर ये!" ती येईना. खड्ड्याची माती आईच्या अंगावर लोटायचा हुकूम कोण देणार? शेवटी पाटलाने जोडे काढले आणि तो खाली उतरला. त्याच्यामागून कुंभार उतरला, कुलकर्णी उतरला, मग बायका, मग कडेवरची पोरं. प्रत्येकाने चिखलात पाऊल दाबायचं, बाहेर काढायचं, आणि ते पाऊल मातीने पुरायचं. आणखी चिखल, त्याच्यावर पुढच्या घराचं पाऊल. तुडवून तुडवून माती दगडासारखी घट्ट झाली.

तरी देवऋषी हटेना. "एवढ्याशा वाट्यावर एवढी थोरली भिंत ऱ्हाईल व्हय?"

"थोरली नको," तिमव्वा म्हणाली. "वाट्याएवढीच घाला."

 पाटलाची उंच भिंत त्या दिवसापासून त्याच्या मनातच राहिली. मोठ्या भिंतीचे दगड काढून वाहून नेले, आणि भावकी-भावकीने ओढ्यावर आपापल्या वाट्याची भिंत घातली. सगळ्यांत वरची आधी, मग तिच्या खालची. प्रत्येकीच्या गाभ्यात त्या घरांची पावलं पुरली. तिमव्वाचं घर नव्हतं, म्हणून तिने हट्टाने प्रत्येक भिंतीत पाऊल घातलं. ज्याचा वाटा नाही त्याला ओढा अख्खा नेतो, असं तिला वाटायचं. ती भीती तिच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

पुढे मोठा पाऊस झाला तेव्हा गाव टेकडीवर चढून बसलं. वरून गढूळ लोंढा आला. पहिल्या भिंतीशी तो थांबला, फुगला, सांडव्यावरून उतरला आणि दुसरीशी येऊन थांबला. प्रत्येक दारात उभं राहून घरातली माणसं मोजावीत तसा तो उतरत गेला. लोक एकमेकांचे हात धरून बघत होते. सगळ्या भिंती राहिल्या, एक सोडून. पाटलाच्या चुलतभावाने, भिकाजीने, चिखलात पाय घालायचा कंटाळा करून आपल्या सालगड्याला पाठवलं होतं. ती भिंत गेली. भिंतच लहान, त्यामुळे माणूस कोणी गेलं नाही, भिकाजीची तूर तेवढी गेली. पाऊस उघडल्यावर तो मुकाट्याने जोडे काढून आला, म्हणे.

तिमव्वाला गावाने चिंचेखाली घर बांधून दिलं. तिने सगळ्यांना माफ केलं, असंही सांगतात. ते मानणं जड जातं. कारण हेही सांगतात, की मरेपर्यंत तिने वाकसेवाडीत कोणाच्या हातचं गोड खाल्लं नाही. भाकरीवर कोणी तूप घालायला लागलं, की ती ताट सारून उठायची. तिला जेवायला वाढायचं ते एकट्या गवराईने, तेही कोरडी भाकरी आणि चटणी.

आजही तोरणओढ्यावर वाटा नवा घालायचा किंवा दुरुस्त करायचा झाला, तर गाभ्यात पहिलं पुरतात ते पाऊल गावकऱ्याचं नसतं. त्या दिवशी गावात ज्याचं कोणी नाही, त्याचं असतं. कधी तो वाटेवरचा मेंढका असतो, कधी जेसीबी चालवायला दूरच्या मुलखातून आलेला पोरगा. त्याला भाषा कळत नाही. बोकड कापलेला दिसतो, खणलेला खड्डा दिसतो, आणि भोवती जमलेलं गाव त्याला खुणेने बूट काढायला सांगतं. तो घाबरतोच. घाबरू नकोस असं त्याला कोणी म्हणत नाही. गावातली सर्वांत म्हातारी बाई आधी खड्ड्यात उतरते, चिखलात पाय रोवते, आणि तो खाली येईपर्यंत तिथेच उभी राहते.