‘नाही’ गिळणारं अ‍ॅड-ऑन

"एकानं तरी माझ्यावर विश्वास ठेवायचा की नको, बाईजी?"

हौसाबाई लोंढे मठाच्या पायऱ्या चढतानाच बोलायला लागली होती. काखेत लॅपटॉप, पदर खोचलेला.

सुभद्राबाईजी जुन्या पोथीचं पान संगणकावर उतरवत होत्या. त्यांनी मान वर केली आणि सतरंजी पुढे सरकवली.

हौसा उभीच.

बाई चौथी शिकलेली. कॉम्प्युटर शिकली ती इथंच, बाईजींच्या हाताखाली. तालुक्याच्या केंद्रात बायकांना कॉम्प्युटर शिकवायला शिक्षिका हवी होती. हौसानं अर्ज भरला. काल निकाल लागला, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आणि गल्लीभर सांगत सुटली. जाऊ म्हणाली, चौथी पास मास्तरीण, अजून काय काय बघायचं राहिलंय देव जाणे. आणि आज केंद्रात गेली, तर तिथला कारकून म्हणतो, तुमचं झालेलं नाही. हिनं त्याला सांगितलं, तुझा कॉम्प्युटर आंधळा आहे. तो हसला. बाकावरच्या बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या.

"तुम्ही वाचा. आणि त्या मेल्याला फोन लावा."

बाईजींनी चष्मा पुसला.

"तूच वाच."

हौसानं बैठक मारली, लॅपटॉप उघडला. ब्राउझर समोर आला आणि राग कुठल्या कुठे पळाला. थांबा, म्हणाली, आधी हे तर बघा.

वरची पट्टी इरकली लुगड्याच्या रंगाची. अक्षरं हरभऱ्याएवढी. जाहिराती दारातच अडवलेल्या. ब्राउझरला बाहेरून जोडायच्या या छोट्या करामती, अ‍ॅड-ऑन म्हणतात त्यांना. आधी तिनं लोकांनी केलेली लावून पाहिली. मग त्यांची पोटं उघडून आत काय आहे ते बघितलं. मग सुचेना-रुचेना, स्वतःच करायला बसली.

आणि सगळ्यात नवं... हौसाला श्वास पुरेना. कुठलंही पान उघडा, त्यातला ‘नाही’ आपलं अ‍ॅड-ऑन गिळून टाकतं. जन्मभर कानांनी ऐकला, आता डोळ्यांना तरी कशाला? पहिल्यांदा ‘नाहीत’मधला ‘त’ मागे लोंबत राहायचा. त्यालाही तिनं हुसकावला.

"असं कुणी केलंय का, बाईजी?"

"मी तरी पाहिलेलं नाही."

हौसा लाजली. शाबासकीच होती ती, तिच्या लेखी.

"आता निकाल वाच."

हौसानं खणखणीत वाचलं, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असं.

"अर्ज मंजूर झाला. फोटो जोडलेला. मुदत आज सायंकाळी सहापर्यंत."

बघा, ती म्हणाली. फोटोसुद्धा जोडलेला आहे. मला आठवत नव्हतं, पण जोडलेला आहे.

बाईजींनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला. अ‍ॅड-ऑनच्या यादीतलं एक बटण बंद केलं, पान नव्यानं आणलं आणि लॅपटॉप पुन्हा तिच्यापुढे ठेवला.

"वाच."

"अर्ज मंजूर झाला..."

"पुढं?"

"...नाही. फोटो जोडलेला नाही."

बाईजींनी घड्याळाकडे पाहिलं. साडेपाच होत आले होते.

"अजून वेळ आहे. फोटो जोड."

हौसाच्या डोळ्यांपुढं सगळी गल्ली उभी राहिली, त्यात जाऊ सगळ्यात पुढं. मग ती उसळली. परक्यांची अ‍ॅड-ऑन घरात घेतली तिथंच चुकलं, म्हणाली. त्यातल्याच कुणीतरी दावा साधला, खोटं वाचायला लावलं, चारचौघांत तोंडावर पाडलं. तुम्ही बंद केलंत ते कुणाचं होतं?

"फोटो जोड, हौसा. सहाला बंद होईल."

"आधी नाव सांगा. त्याला मी सोडायची नाही."

"फोटो राहील."

"राहू दे. नाव."

बाईजींनी यादी पुन्हा उघडली. प्रत्येक अ‍ॅड-ऑनखाली करणाऱ्याचं नाव असतं, बारीक अक्षरात. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, चष्मा सावरला आणि सावकाश वाचलं.

"हौसाबाई लोंढे."