योसेफासारखं स्वप्न

“योसेफाचं स्वप्न खरं झालं. मग माझंच का अडलंय, बाबा?”

अमोसने हे विचारलं तेव्हा यिर्मयाबाबा झऱ्याच्या तोंडाशी साचलेला पाला काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कसलं स्वप्न तुझं?”

बाबांना ते ठाऊक होतं. डोंगरावरच्या त्या लहानशा ख्रिस्ती आश्रमात सगळ्यांनाच ठाऊक होतं. घरी असताना अमोसला बायबलातल्या योसेफासारखंच स्वप्न पडलं होतं, की थोरला भाऊ लूक आपल्यापुढे मान लववून आहे. सकाळी चुलीपुढे त्याने ते सांगितलं. सगळे हसले, लूकदादा तर पोट धरधरून. त्या रागात अमोसने घर सोडलं, तो परत फिरकलाच नाही.

तरी त्याने स्वप्न पुन्हा सांगितलं. बाबांनी तेही पूर्ण ऐकून घेतलं.

“योसेफाचे भाऊ त्याच्यापुढे का वाकले?”

“तो मिसर देशाचा अधिकारी झाला होता. ज्या भावांनी त्याला विकलं, तेच त्याच्या दारी धान्य मागायला आले.”

“म्हणजे उपाशी होते.”

“हो.”

“ती भूक दिसली होती त्याला स्वप्नात?”

“नाही. शेतातल्या पेंढ्या दिसल्या होत्या. भावांच्या पेंढ्या त्याच्या पेंढीपुढे वाकल्या.”

“हं,” बाबा म्हणाले आणि पाला काढू लागले.

त्या उन्हाळ्यात खालच्या गावांच्या विहिरी आटल्या. आश्रमाचा झरा तेवढा वाहत होता. माणसं हंडे-कळश्या घेऊन डोंगर चढू लागली. वर पोचेपर्यंत त्यांच्या घशाला कोरड पडायची. बाबांनी अमोसच्या हाती तांब्या दिला. आलेल्याला आधी पाणी पाजायचं, मग हंडा भरू द्यायचा.

एके दुपारी रांगेत लूकदादा आला.

अमोसने त्याला लांबूनच ओळखलं. लूकने नाही ओळखलं. अमोसची दाढी वाढली होती, अंगावर कफनी होती. लूक दमून गुडघ्यांवर बसला. मान खाली घातली आणि ओंजळ पुढे केली.

हुबेहूब स्वप्नातल्यासारखं...

अमोस ताठ उभा राहिला आणि वरूनच धार सोडली. पाणी लूकच्या मनगटांवर आदळलं, दगडावर उडालं. ओंजळीत घोटभरही राहिलं नाही. लूकने ओंजळ पुन्हा पुढे धरली.

“वाक जरा,” मागून बाबा म्हणाले. “उंचावरून सांडतं.”

अमोस वाकला.

जवळून त्याला ते हात दिसले. कोरडी विहीर खणून बोटं फुटली होती, एक नख उचकटलं होतं. याच हातांनी त्याला पोटाखाली धरून पोहायला शिकवलं होतं. त्याने धार सोडली. लूक घटाघटा प्यायला, तोंड पुसलं, वर बघितलं. दोघांचे चेहरे अगदी समोरासमोर होते.

“अमोस?... अमोसच ना रे तू?”

“हो, दादा.”

“किती वाळलास रे!”

अमोसला तिथे उभं राहवेना. तो खडकाआड गेला आणि तोंडात कफनीचं टोक कोंबून रडला. परत आला तेव्हा लूक कातळाला टेकून बसला होता, आणि बाबा स्वतः तांब्या घेऊन रांगेतल्या पुढच्या माणसापुढे कमरेत वाकले होते. पाठीचा त्रास असूनही.

अमोस किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं जवळ राहूनही हा माणूस आपण धड पाहिला नव्हता, असं त्याला वाटलं.

“बाबा,” तो हळूच म्हणाला, “दादा माझ्यापुढे वाकला. पण तेव्हा मीही वाकलेलो होतो. मग माझं स्वप्न खरं झालं, की मोडलं?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तांब्या त्याच्या हातात दिला.

“ती म्हातारी केव्हाची उभी आहे. तिला आधी पाज.”