वळणावरचा दगड

जनावरं स्वतःच मालाच्या गाड्या चालवत, तेव्हाची ही गोष्ट. नागू अस्वल नदीकाठच्या गोदामातलं धान्य डोंगरावरच्या गोदामात पोचवायचा. चढावर इंजिन तापलं, की गाडी थांबवून मागच्या चाकाला मोठा दगड लावायचा.

एकदा इंजिन निवल्यावर तो दगड रस्त्यातच टाकून निघाला.

"नागूदादा, दगड कोण उचलणार? तुमचा सासरा?" वळणावरच्या चहाच्या टपरीतून साळिंदरबाई ओरडली.

"गोदाम बंद होईल, बाई! येताना उचलतो."

तो वर पोचला, तोच पहारेकरी कोंबडा म्हणाला, "तुमची चिंगी भाकरी घेऊन आली होती. बाबा अजून खालीच आहे म्हटलं, तर वळणाच्या वर रस्त्याला मिळणाऱ्या आतल्या वाटेनं सायकलवरून घाटात उतरली."

नागूला रस्त्यातला दगड आठवला. चिंगीच्या सायकलला ब्रेक नुसता नावाला होता. भरली गाडी तिथंच सोडून तो उतारानं धावत सुटला. वळण आलं, तसे त्यानं डोळेच मिटून घेतले.

"या! तुमच्यापायी माझा चहा उतू गेला."

नागूनं डोळे उघडले. साळिंदरबाई सगळे काटे फुलवून दगडावर बसली होती. "मला हा हलेना. मग बसले त्याच्यावरच."

अलीकडे चिंगी सायकल धरून उभी होती. "बाबा, मावशीचे काटे लांबूनच दिसले. पाय घासत थांबले मी."

नागूनं दगड खांद्यावर घेतला आणि तो चढ चालू लागला.

"बाबा, कडेला टाका की!"

"नको," तो धापा टाकत म्हणाला. "हा गाडीतलाच माल आहे."